काचेच्या कपाटातली आगगाडी

खोर फक्कान,
रविवार, ११ मार्च २००१

प्रिय फुफी,

अस्सलामु अलैकुम. बावन्न वर्षांच्या माणसाला खेळायला कसं शिकवायचं, सांगाल का? मला याचं उत्तर येत नाही, आणि मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून तुम्ही मोहल्लाभर पेढे वाटलेत, ते परत मागवावेत की काय असं हल्ली वाटतं. तुमचे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेला बाम गुडघ्यांनाच लावता ना? (तो काचेच्या कपाटात ठेवला असेल, तर या पत्राचा अर्धा विषय तोच आहे, पुढे येईल.) तुमच्या चष्म्याचा विचार करून अक्षर मोठं काढलं आहे, म्हणून पानं जास्त झाली. जाड पाकीट बघून घाबरू नका, सगळे जिवंत आहेत.

मात्र सगळं ठीक आहे असंही नाही. दरवर्षीच्या मेडिकलमध्ये अब्बांचं ब्लडप्रेशर एकशे सत्तर निघालं. कंपनीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एकवीस तारखेला पुन्हा बोलावलं आहे. तेव्हाही आकडा वरच राहिला, तर धक्क्यावर जायला अनफिट. अनफिट म्हणजे व्हिसा खलास, आणि त्याच व्हिसावर अम्मी आणि मी; नोमानचा तेवढा त्याच्या नोकरीचा. (आम्ही बॅगा घेऊन दारात उभे राहिलो तर तुम्हाला आनंदच होईल, हे मला माहीत आहे. पण अब्बा अठरा वर्षं अकरा माणसांच्या खोलीत राहिले ते आम्हाला इथे आणण्यासाठी, आणि आम्ही येऊन जेमतेम दोन वर्षं झाली.) निघताना डॉक्टर त्यांच्या मल्याळी हिंदीत म्हणाले, "टेन्शन नहीं लेने का, घर में हँसते-खेलते रहो." कुणी हे ऐकून सोडून दिलं असतं. मी तो अभ्यासक्रम समजले. खेळामुळे मनावरचा ताण उतरतो, हे मी पेपरात सोळा मार्कांसाठी लिहिलेलं आहे. त्याच संध्याकाळी टाइमटेबल करून फ्रिजवर चिकटवलं: मगरिबच्या नमाजानंतर एक तास सहकुटुंब खेळ, शनिवारी लुडो, रविवारी सापशिडी, सोमवारी कॅरम, याप्रमाणे. खालच्या मजल्यावरच्या अनुपमाताई नर्स आहेत, त्यांच्याकडून प्रेशर मोजायचं यंत्र मागून आणलं आणि मोजायलाही शिकले. खेळाआधी एकदा, खेळानंतर एकदा, आणि वहीत दोन रकाने.

लुडोआधी एकशे अठ्ठावन्न होतं. लुडोनंतर एकशे बहात्तर.

यात अम्मीचा हात मोठा आहे. तुमच्या भावजयीने अठरा वर्षं एकटीने घर चालवलं, गवळ्यापासून तलाठ्यापर्यंत कुणाला सोडलं नाही. ती लुडोत नवऱ्याला का सोडेल? तिने अब्बांची लाल सोंगटी चार वेळा मारली, त्यात दोनदा घराच्या तोंडाशी, आणि दर वेळी "चला, मागे" एवढंच म्हणाली. अब्बांची तऱ्हा निराळी. ते लुडोसुद्धा फोरमनसारखं खेळतात. एक सोंगटी घरात पोचल्याशिवाय दुसरी हलवायची नाही, कारण एक कंटेनर हवेत असताना दुसऱ्याला हात लावत नाहीत. सहा पडला तरी त्यांच्या तीन सोंगट्या गोदीत उभ्या! नोमान म्हणाला, "Abba, it's just a game." अब्बा म्हणाले, "गेम असेल, पण खाली माणसं उभी असतात." आता यावर मानसशास्त्राने काय बोलावं?

कॅरमने तर घरात अबोला आणला. बोर्ड साठ दिरमचा (अम्मीने दुकानदारासमोरच साडेसातशे रुपये असं मोठ्याने म्हणून कपाळाला हात लावला). अब्बांचा नेम किती पक्का आहे, ते दत्ताराम काकांना विचारा. हे काका गुहागरचे, अब्बांच्या गँगमधले आणि जुन्या खोलीतले. हे पत्र तेच तुमच्या हातात देत आहेत. तर त्याच अब्बांची राणी आमच्यासमोर भोकाच्या बाजूने निघून जायची, सोपी सोंगटी चुकायची, आणि नोमानने घेतली की "शाब्बास!" सलग तीन डाव हे झाल्यावर नोमानने स्ट्रायकर बोर्डावर आपटला. "I'm twenty, Abba. I have a job. मुद्दाम हरता कशाला?" अब्बा गोंधळले. मग इतकंच म्हणाले, की दोन वर्षांनी चाळीस दिवस सुट्टी मिळायची, त्यात मुलांना कुठे हरवत बसू? फुफी, त्यांना सवयच लागली आहे. त्या चाळीस दिवसांत आम्ही प्रत्येक डाव जिंकलो आणि स्वतःला मोठे खेळाडू समजत राहिलो. नोमान बाल्कनीत जाऊन उभा राहिला, अम्मीने पावडर पुसली, मी पट्टा बांधून मोजलं. एकशे शहात्तर. वही मी गादीखाली लपवली.

इथून पुढचं सावकाश वाचा, आणि माझ्यावर रागवायचं तर शेवटी रागवा.

गेल्या मंगळवारी अब्बांनी फ्रिजवरचं टाइमटेबल उतरवलं आणि म्हणाले, "हे असले खेळ नकोत. दत्ताराम सोमवारी सुट्टीवर निघतोय, येताना ती आगगाडी आणू दे. तिच्याशी खेळू सगळे."

अम्मीच्या हातातली पळी डाळीत बुडाली. नोमानला ठसका लागला.

कुठली आगगाडी, हे तुम्हाला सांगायला नको. पंच्याऐंशी साली अब्बांनी दुबईत देराच्या बाजारातून घेऊन पाठवलेली, लाल इंजिन, तीन डबे, गोल रूळ, शिट्टी वाजवणारी. आली त्याच दिवशी तुम्ही "मोडेल" म्हणालात आणि ती पारदर्शक झाकणाच्या खोक्यासकट काचेच्या कपाटात, टी-सेट आणि थर्मासच्या मधे ठेवलीत. मी सात वर्षांची होते, नोमान चार. आम्ही ती बसून बघायचो. शुक्रवारी तुम्ही काच पुसायचात तेव्हा जरा जास्त लाल दिसायची. आणि अब्बा पत्राऐवजी आवाज भरून कॅसेट पाठवायचे, त्या दर कॅसेटमध्ये विचारायचे, "पोरं गाडी खेळतात ना? जरा आवाज ऐकवा." तेव्हा आपण काय करायचो, ते आठवतं ना? खिडक्या लावून मी तोंडाने शिट्टी घालायचे, नोमान काडेपेटी हलवून छुकछुक करायचा, आणि तुम्ही, फुफी, तुम्ही ताटावर अडकित्ता आपटून रुळांचा खडखडाट काढायचात. (फार छान काढायचात. मधे पूल लागल्याचा आवाजसुद्धा यायचा.) अब्बा सुट्टीवर आले की 'पोरांनी खेळून परत बांधून ठेवली, बॅटरी संपल्यात' म्हणून तुम्ही वेळ निभावून न्यायचात.

त्या संध्याकाळी अब्बांनी आणखी सांगितलं, की वाईट शिफ्ट झाली की खोलीत ते तीच कॅसेट लावत. अकराही जण ऐकत बसत. दत्ताराम काकांना पूल कधी येणार ते पाठ होतं. "ती गाडी मी दुकानातही चालताना पाहिली नाही," अब्बा म्हणाले. "दुकानदाराकडे बॅटरी नव्हत्या. मी तिचा फक्त आवाजच ऐकलाय."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? गाडी आली असती ती खोक्यावरच्या न सुटलेल्या सुतळीसकट आली असती. सांगितलं तर धक्का, नाही सांगितलं तर पुढे मोठा धक्का, आणि एकवीस तारीख मधे. तीन दिवस मी सांगायचं ठरवून ऐन वेळी त्यांचं प्रेशर मोजत राहिले. अब्बा म्हणाले, दंड दुखायला लागला. एकदा स्वतःचंही मोजलं. एकशे चाळीस, तेविसाव्या वर्षी.

शुक्रवारी चहाच्या वेळी सांगून टाकलं. प्रस्तावना मानसशास्त्राची केली होती, ती दुसऱ्याच वाक्यात विसरले. शिट्टी, काडेपेटी, अडकित्ता, सगळं सांगितलं. अब्बा समोरच्या डोंगराकडे बघत बसले. चहावर साय धरली. अम्मी गोळ्यांची डबी हातात घेऊन दारात उभी. मला वाटलं, आता मीच ह्यांना अनफिट केलं.

मग त्यांनी विचारलं, "शिट्टी कोण घालायचं?"

मी म्हणाले, मी.

"घाल."

फुफी, मी खिडक्यासुद्धा लावल्या नाहीत. नोमानने (अबोला सोडून) काडेपेटी आणली, अम्मीने ताट घेतलं, पण अडकित्त्याऐवजी चमचा होता. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने एक बोट वर करून म्हणाले, "पूल राहिला." अम्मीला पूल जमेना, ती प्रयत्न करत राहिली, आणि अब्बा हसायला लागले ते थांबेचनात. खालून अनुपमाताई काय झालं म्हणून धावत आल्या. मी घाईने मोजलं तर एकशे अडुसष्ट! अनुपमाताई म्हणाल्या, हसल्यावर लगेच मोजायचं नसतं, दहा मिनिटं थांब. दहा मिनिटांनी अब्बा दंडाला पट्टा बांधलेल्या अवस्थेत झोपले होते. मला पंप दाबवला नाही. तो रकाना कोरा आहे. एकवीस तारखेला काय होईल ते अल्लाह जाणे, दुवा करा.

तुमच्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "आपाच्या हातून कधी कपसुद्धा फुटला नाही, ती गाडी कशी मोडू देईल?" गुडघे सांभाळा.

तुमची भाची,
फिरदोस

ता. क. दत्ताराम काकांच्या पिशवीत खजूर, दूध पावडर आणि नवा बाम आहे. यातलं काहीही कपाटात ठेवायचं नाही.

ता. क. २. त्याच पिशवीत चार मोठ्या बॅटरी आहेत, त्या मात्र गाडीसाठी. गाडी काकांबरोबर इकडे पाठवायची, पण आधी तिथे, तुमच्या समोर, रूळ मांडून एकदा चालवायची. सोळा वर्षं राखण तुम्ही केलीत, तेव्हा पहिली फेरी तुमची. चालली नाही तरी पाठवा. आवाज काढायला इथे माणसं आहेत. फक्त पूल येत नाही, तो कसा काढता ते काकांना नीट शिकवा.

ता. क. ३. कपाटाची किल्ली हरवली, असं तुम्ही एक्क्याण्णव सालापासून सांगत आला आहात. कपाटाला दोन किल्ल्या होत्या. दुसरी मी सहावीत असताना घेतली. दोनदा कुलुपात घातली, फिरवायचा धीर झाला नाही. कंपासपेटीतून ती माझ्याबरोबर कॉलेजला गेली आणि इथेही आली. काल ती मी दत्ताराम काकांना दिली. त्यांना सांगितलं आहे, की आधी पत्र द्यायचं, मग गप्प बसून चहा प्यायचा, आणि फुफींनी शेवटचं पान हातात घेतलं की उठून कपाट उघडायचं.