पोटाखालचे पर

३ मार्च, मंगळवार
चूक माझी आहे; ती प्रथम नोंदवतो. दोन्ही टाक्यांचे पाणी हिरवे झाले होते. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईच्या माशांकडे बघा तरी!" बघितले. पाणी बदलायचे म्हणून दोन्ही मासे एकाच बादलीत काढले, वर ताट झाकले, ताटावर शब्दकोश ठेवला — हे मासे उडी मारतात, एवढे ऐकून होतो. तासभर ताट आतून वाजत होते. मी काच पुसत राहिलो.
आता कोणता मासा कोणत्या टाकीतला, हे मला सांगता येत नाही.
बायको जाऊन आज अठरा दिवस झाले.

४ मार्च
दोघेही मरळीच्या कुळातले. सापासारखे डोके, वीतभर लांबी, तपकिरी पाठ, परांना निळसर झाक आणि नारिंगी कड. तिच्या मते दोन वेगळ्या जाती: गाचुआ आणि ओरिएंटालिस. मी अकरा वर्षे म्हणत आलो — जो भेद दाखवता येत नाही, तो भेद नव्हे. ती म्हणे, "जरा वाकून बघा, दिसेल." वाकलो नाही.

५ मार्च
तिची वही सापडली. "गाचुआला पोटाखाली दोन लहान पर. ओरिएंटालिसला ते नाहीतच." एवढाच भेद! एका ओळीत मावणारा.
शेवटच्या पानावर, अक्षर हललेले: "ओरिएंटालिस चष्मेवालीला. शब्द दिलाय. गाचुआ यांच्याजवळ राहू दे. काचेला बोट लावलं की येतो."
म्हणजे तिने दिलेला शब्द पाळणे आता माझ्याकडे आले. आणि मी दोघांना एका बादलीत घातले.

७ मार्च
चष्मेवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण. माशांपायी बायकोची मैत्रीण झालेली. फोनवर म्हणाली, "काका, नीट बघून द्या हं! माझी मादी खाष्ट आहे. भलता नवरा आणलात तर फाडून खाईल त्याला!"

८ मार्च, रविवार
फरशीवर पालथा पडून विजेरी धरली. मासा वाळूला पोट टेकून बसतो. हवा घ्यायला वर येतो, तेव्हाच खालची बाजू दिसते. पंचवीस मिनिटांनी डावीकडचा वर आला. पोट कोरे. पर नाहीत.
दोहोंपैकी एकच बिनपराचा. तो हा. म्हणून दुसरा गाचुआ. सिद्ध.
उठताना गुडघ्याने बराच वेळ घेतला.

९ मार्च
चष्मेवाली झाकणाचा डबा घेऊन आली. तिनेही वाकून पाहिले. "नाहीत खरं. दुसराही दाखवता, काका?"
"गरज नाही. निष्कर्ष निघालेला आहे."
ती हसली. "मावशी म्हणायच्या — यांना दिसत काही नाही, सिद्ध मात्र सगळं करता येतं!" मग मासा डब्यात घेऊन झाकण लावले. जाताना म्हणाली, "महिनाभर मध्ये काच घालूनच ठेवते दोघांना. नव्या नवरीचा काय भरवसा!"
मी दार लावले.

११ मार्च
काचेला बोट लावले. आला नाही.

१२ मार्च
नाही.

१७ मार्च
मुलीचा फोन. "जेवलात ना?" "जेवलो." "काय जेवलात?" आठवले नाही.
बोट लावताच मासा दगडामागे जातो. अनुमान सरळ आहे: तो तिला ओळखत होता, मला ओळखत नाही. यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. तिची तर्जनी कशी होती, ते आठवून पाहिले. तेही जमले नाही.

२० मार्च
पाणी बदलले.

२९ मार्च, रविवार
चष्मेवालीचा फोन. "काका! तुमच्या माशाला पर फुटताहेत! पोटाखाली, दोन. मुळाशी कुरतडलेले होते हो, मीपण फसले! आणि अहो, बोट लावलं की धावत येतो — पहिल्या दिवसापासून! मी आपली म्हणतेय, केवढा माणसाळलेला!"
फरशीवर पालथा पडलो. आमच्या टाकीतला वर आला. पोट गुळगुळीत, कधी काही नव्हतेच.
ताट वाजत होते, तेव्हा हा ओरिएंटालिस बादलीत गाचुआचे पर तोडत होता, आणि मी काच पुसत होतो. "पर नाहीत" यावरून "पर नव्हते" असे मी ठरवले. दुसऱ्याकडे वाकून पाहिले नाही. माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात कोणी असे केले असते तर मी त्याला बाहेर काढले असते.
बराच वेळ फरशीवरच होतो. चष्मा ओला झाला.
उद्या सकाळी दुकान उघडायच्या आत जातो. दोन बादल्या घेऊन.