कोमट पेटी

राइट टाउन, मंगळवार संध्याकाळ

मृत्युपत्रावर सही केली. माझ्यामागे हे घर कॅन्सरच्या दवाखान्याला, तिथल्या संशोधनासाठी. बरं वाटायला पाहिजे. काहून वाटून नाही राहिलं?

सही झाल्यावर डॉक्टरबाईंनी प्रयोगशाळेत नेलं. एका पेटीला हात लावायला सांगितलं. अंगासारखी कोमट.

"दीदी, इसमें भैयाजी की गाँठ के सेल हैं. अब भी बढ़ रहे हैं. बराबर खिलाना पड़ता है."

ह्यांच्या गाठीतल्या त्या पेशींवरच नवी औषधं तपासून बघतात म्हणे.

ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. शेवटी घशाखाली पाणीही उतरत नव्हतं.

घरी येऊन दोनदा हात धुतला. कोमटपणा जात नाही. ह्यांचीच ऊब समजू? पण जगून राहिली ती गाठ. ह्यांना तिनं खाल्लं, आणि तिला पोसायला मी आज घर लिहून दिलं.