रविवारची सुई

३ नोव्हेंबर, सोमवार
निगेटिव्ह कंट्रोलला, म्हणजे ज्या नमुन्यात विषाणू दिसायलाच नको त्याला, बँड आला. पुसट रेघ, पण आली. गौरी, आमची नवी रिसर्च असिस्टंट, लगेच म्हणाली, "सुमनताई, पिपेटचं टोक बदलायला विसरलात." मी नोकरीला लागले तेव्हा ही बालवाडीत असेल. तरी मान डोलावली. चूक माझीच असू दे, म्हणजे भानगड नाही.

आधीच हे प्रोजेक्ट रडत चाललंय. ज्यांचं लिव्हर सुकलंय, दारू पीत नाही असं जे शपथेवर सांगतात आणि हिपॅटायटिस बीची नेहमीची चाचणीही ज्यांची निगेटिव्ह येते, अशांच्या रक्तात लपलेला बी विषाणू शोधायचा. बरेच नमुने मावळातल्या शिबिरातले. लॅबप्रमुख सरांना निकाल डिसेंबरअखेर हवेत.

उद्या पुन्हा. नवीन पाणी, नवीन टोकं, वेगळं टेबल.

४ नोव्हेंबर
तेच. कंट्रोलचे एक, दोन, तीन नमुने साफ. चारला बँड. नुसत्या पाण्याची नळीसुद्धा साफ आली, म्हणजे हा हलगर्जीपणा नाही. चार नंबरच्या रक्तातच आहे.

कंट्रोलला निरोगी माणसाचं रक्त लागतं. आमच्याकडची जुनी खोड अशी की, जो हाताशी असेल तो बाही वर करतो. कोणता नंबर कोणाचा, हे फक्त माझ्या वहीत असतं.

चार म्हणजे मी.

हात धुतले. परत धुतले. मग स्वतःचंच हसू आलं. जे आत आहे ते साबणाने कसं जाणार?

७ नोव्हेंबर
सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लस घेतली होतीस ना?" घेतली होती, रुजू झाले त्याच महिन्यात. पण जो आधीच घरात शिरून बसलाय त्याला बाहेर कडी लावून काय होणार?

माझं लिव्हर आत्ता तरी ठीक आहे. नेहमीची चाचणी करत बसले असते तर जन्मभर कळलं नसतं. नवरा अभय आणि मुलगी पिंकी, दोघांचीही तपासणी केली. दोघं साफ. रिपोर्ट हातात आल्यावर लोणावळा स्टेशनच्या बाकावर अर्धा तास बसून राहिले. रडले. अभयला म्हटलं लोकल लेट होती.

आलं कुठून पण? रक्त कधी चढवलं नाही, ऑपरेशन नाही, गोंदण नाही. लॅबमध्ये सुई टोचलेली नाही, एकदाही नाही.

१९ नोव्हेंबर
माझ्या विषाणूचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याच्या जनुकांची अक्षरं, आलं. सगळ्या नमुन्यांच्या वंशवृक्षाच्या झाडावर बसवून बघितलं. आंदर मावळातल्या पेशंटांची एक गच्च फांदी झालीय, मी त्या फांदीच्या मधोमध. सतरा नंबरच्या पेशंटच्या आणि माझ्या विषाणूत दोन अक्षरांचा फरक.

सर खूश झाले, मग माझ्याकडे बघून आवरले. म्हणाले, "हे एकाच जागेवरून पसरलंय. तिकडे एकच सिरिंज सगळ्यांना वापरणारा कोणी डॉक्टर आहे का?"

"नाही," मी म्हणाले. खोटं नाही बोलले. डॉक्टर नाहीच तिथे.

सतरा नंबर कोण हे वही न उघडता माहीत आहे. त्याला शिबिरात मीच नेलं होतं. विलास. माझा चुलतभाऊ.

२० नोव्हेंबर
लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

आबा. माझे थोरले चुलते, विलासचे वडील. माझे वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांची. तिथून पुढे यांनी वाढवलं. सायन्सला जायचं म्हटल्यावर सगळी वाडी हसली होती, आबा एकटे हसले नाहीत. त्यांनीच सायकलवर बसवून कॉलेजात नेलं.

आबा काविळीची सुई मारतात. टाकव्याच्या पुढे आमची वाडी, तिथे दर रविवारी सकाळी. माणसाने अनशापोटी यायचं. मनगटाच्या वर तीन चरे, रक्त दिसेपर्यंत, आणि त्यावर पाल्याचा रस चोळायचा. सुई एकच. त्यांच्या आज्याची. गुण त्या सुईत आहे म्हणतात. धोतराला पुसली की पुढचा.

मला नवव्या वर्षी कावीळ झाली तेव्हा मारली होती. ती कावीळ पाण्यातली, आपोआप उतरणारी. तीन आठवड्यांत उतरली आणि यश सुईला गेलं. पन्नास वर्षं असंच चाललंय. साधी कावीळ घेऊन येतात, ती जाते, आणि दुसरी सोबत घेऊन घरी जातात. ती वीस-पंचवीस वर्षांनी उठते. तोवर सुईची आठवण कोणाला राहते?

ज्या माणसाने मला घडवलं त्याच्याच हाताने हे झालं. राग येत नाही. यायला हवा होता.

२३ नोव्हेंबर, रविवार
वाडीला गेले. कान्हे फाट्यावरून जीप. नऊच्या आधीच ओटा भरला होता. पवनानगरची दोन माणसं, सोमाटण्याहून गाडी करून आलेलं एक नवं जोडपं. तिच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. आबांनी मेंदीच्या वर चरे मारले. त्याआधी सुई एका म्हाताऱ्याच्या हाताला लागली होती. मी समोर उभी होते आणि तोंड उघडलं नाही. हे स्वतःला माफ करण्यासारखं नाही.

गर्दी ओसरल्यावर नव्या सुयांचं खोकं पुढे ठेवलं. "आबा, दर माणसाला नवी वापरा. एकाचं दुसऱ्याला लागतं."

"व्हय बाय, ठिव तितं. च्या घेतलास का?"

मागच्या खोलीत विलास खाटेवर. हातपाय काटक्या आणि पोट टम्म. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. गावात सगळे म्हणतात दारूने झालं. आबाही तेच म्हणतात. एका घरात राहून दोन वर्षं त्याच्याशी बोललेले नाहीत. त्याची बायको शोभावहिनी मध्ये निरोप्यासारखी फिरते. विलास तर लग्नाच्या वरातीतसुद्धा सरबत पिणारा.

त्याला सगळं सांगितलं. माझंही. तो कोपरावर उठून म्हणाला,

"आबांना न्हाई सांगायचं."

"अरे पण ते तुला..."

"म्हनू दे दारुडा. म्हनतोय तवर जगतोय तरी. तू सांगितलंस तर म्हातारा त्याच दिवशी खलास. माझी शपत हाय सुमे."

"आणि सुई?"

"ती तू बंद कर. येवडी शिकलीस कशाला मग?"

१ डिसेंबर
शोभावहिनीला फोन. काल आबांनी नव्या सुया काढल्या होत्या. पहिल्या चौघांना मारल्या. पाचवा म्हणाला, आमी लांबून आलो ते जुन्या सुईसाठी. मग खोकं परत कोनाड्यात.

विलासच्या गोळ्या सुरू केल्यात, माझ्याही होतील. माझ्यापुरतं बरं आहे. त्याला दहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर रोजची एक गोळी पुरली असती. हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाही.

८ डिसेंबर
सरांना खरं सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आरोग्य खात्याला कळवायलाच हवं म्हणाले. बरोबरच आहे. माणसं येतील, पंचनामा होईल, फोटो निघतील. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

"मला दोन आठवडे द्या सर. मी त्यांना समजावते."

"दोन आठवडे म्हणजे दोन रविवार, सुमन."

मी हो म्हणाले. दोन रविवार मागून घेतले मी. कोणाच्या हातावरचे, ते माहीत नाही.

१४ डिसेंबर, रविवार
गेले नाही.

कारणं: हायवेला पर्यटकांची रांग, पिंकीची परीक्षा, घसा. एकही खरं नाही. सांगायला गेले की विलासचं नाव येणार, आणि शपथेचं काय करायचं ते कळत नाही. शपथेवर माझा विश्वास नाही, हे आजवर किती जणांना ऐकवलंय.

सकाळी पोहे केले. घड्याळात नऊ वाजले, साडेनऊ, दहा. आता ओट्यावर माणसं बसली असतील. अभय म्हणाला, पोह्यात मीठ नाही. मी त्याच्यावर खेकसले आणि मग रडायला लागले. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या रविवारी मी सोडतो तुला. आत येणार नाही, पण सोडतो.

१७ डिसेंबर
विलासच्या पोटातलं पाणी काढलं. सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसतेय. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले म्हणजे शोभावहिनीला कळणार नाही. तिला कळलं.

विलास हसून म्हणाला, "पोट गेलं बघ. आता शर्ट बसंल." दुपारी घरी सोडलं.

आबा दवाखान्यात आले नाहीत. जीपवाल्याकडून निरोप आला, "पेलेल्याला बघाया मी येत न्हाई."

२१ डिसेंबर, रविवार. दुपारी, घरी.
क्रमाने लिहिते.

साडेआठला पोहोचले. ओट्यावर सात माणसं. आबा नुकतेच बसत होते. म्हटलं, आधी आत या. दार लावून घेतलं. असं मी त्या घरात कधी केलेलं नाही. मागच्या खोलीला नुसता पडदा आहे, पलीकडे विलास.

सगळं सांगितलं. सुई काय नेते, कुठून कुठे नेते, किती वर्षं गप्प बसतं आणि मग काय करतं. सोपं करून सांगितलं, पण काही गाळलं नाही. फक्त विलासचं नाव घेतलं नाही.

आबा खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले, "पन्नास वर्सं मारतोय. सुईनं वाटूळं झालेला येक मानूस दाखव."

पडद्यामागे खाट करकरली.

मी बाही वर केली. "मी."

त्यांना आधी कळलंच नाही. म्हटलं, "माझ्या रक्तात आहे, आबा. लॅबमध्ये मीच शोधलं. लहानपणी तुम्ही मारली होती ना, तेव्हाचं."

त्यांनी माझा हात धरला. अंगठ्याने मनगटाच्या वर चाचपत राहिले. त्यांची बोटं गार होती.

"तुला म्याच मारलीती."

"व्हय."

"दुखतं का?"

"नाही. अजून काही नाही."

"आजून," आबा म्हणाले.

बाहेरून एक बाई म्हणाली, "आबा, पोरगी उपाशी हाय, किती येळ?" आबा उठले नाहीत. मी दाराला पाठ लावून उभी होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. सावकाश म्हणाले, "विलासला तीनदा मारलीती. शाळंत हुता तवा."

मी वर केलेली बाही खाली ओढली.

"बाय, तू त्याला पेलेला कदी बगितलास?"

मी काही बोलायच्या आत पडद्यामागून आवाज आला. जोर नव्हता, पण स्पष्ट होता. "आबा, तिला काय इचारता? म्या पितो. लय पितो."

दोन वर्षांत तो पहिल्यांदा बापाशी बोलला असेल. स्वयंपाकघरात शोभावहिनी भाकरी थापत होती, ते थांबलं.

आबांनी कोनाड्यातली सुई घेतली, धोतराला पुसली आणि मुठीत धरली. मला वाटलं, संपलं. आता बाहेर जाणार. पण ते जागचे हलले नाहीत. पडद्याकडे तोंड करून, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मुलाला विचारलं,

"वरीस झालं, तू येकला उंबरा वलांडला न्हाईस. दारू कोन आनून देतं तुला?"

आतून खाट पुन्हा करकरली.

आबा तसेच उत्तराची वाट बघत बसून राहिले. ओट्यावरची माणसं अकरापर्यंत थांबली, मग उठली. पुढच्या रविवारी येतो, म्हणाली. आबा नको म्हणाले नाहीत, या म्हणाले नाहीत. मी निघाले तेव्हाही सुई धरलेली मूठ मिटलेलीच होती.