रक्तातलं शून्य मागे घेण्याबाबत

तरसाली, बडोदे

चि. हेरंब यास,

रघुनाथदादाचे आशीर्वाद. (एकसष्ट वर्षांच्या टकल्या भावाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण यंदा हा शब्द मी मनापासून लिहितोय.) तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या सावली गावात थंडी पडली का? आम्ही दोघं मजेत. फोनवर विषय काढला की तू फोन ठेवतोस, म्हणून हा कागद. माझ्या शून्याच्या नादी लागून तू तुझी दुर्बिणीची तपासणी रद्द केलीस, आणि त्यात चूक माझी आहे.

मला दम लागायला लागला, हिमोग्लोबिन आठवर आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आतड्यातून कुठेतरी रक्त जातंय, दुर्बीण घालून बघू. कुठून घालणार हे कळल्यावर मी (कोयलीच्या रिफायनरीत तीस वर्षं पाइपलाइनी तपासलेला माणूस!) जो पळालो तो थेट घरी. तेवढ्यात एका लॅबची जाहिरात दिसली, पोटाचा कॅन्सर म्हणे नुसत्या रक्तावरून कळतो. रक्तातला कुठलासा पदार्थ मोजतात, आकडा सदतीसपर्यंत चालतो. तुझ्या वहिनीचा एकोणतीस आला आणि माझा शून्य! मग काय विचारतोस? शाळेत गणितात शून्य मिळालं तेव्हा बाबांनी बडवलं होतं, इथे मी अख्ख्या सोसायटीत लीलो चेवडो, आपला बडोद्याचा ओला चिवडा, वाटला. शेजारच्या नयनाबेन म्हणाल्या, “काका, तमे तो सो वरस जीवशो!” महिनाभर मी वहिनीला एकोणतीस म्हणूनच हाक मारली. तुला शौचावाटे रक्त पडत होतं, तर तुलाही तीच तपासणी करायला लावली. तुझंही शून्य! आणि आपण दोघांनी घराण्याच्या रक्ताची काय ती आरती ओवाळली!

शेवटी एकोणतीसने मला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. मी ऐटीत रिपोर्ट पुढे केला. डॉक्टर म्हणाले, काही माणसांच्या रक्तात हा पदार्थ तयारच होत नाही, आजार असो वा नसो, आकडा शून्यच. आणि ज्यांच्यात होतो त्यांचंही नुसत्या आकड्यावर निदान करत नाहीत, उपचार चालू असताना लक्ष ठेवायला तो बरा. म्हणजे ज्या चौकीदाराच्या भरवशावर मी ढाराढूर झोपलो, तो कामावर रुजूच झाला नव्हता! झाली एकदाची दुर्बीण. (आदल्या दिवशी जुलाबाचं औषध देतात. त्याचं वर्णन वहिनी सगळ्यांना विनाकारण रंगवून सांगते.) एक गाठ निघाली, ती तिथल्या तिथे काढली. कॅन्सर नव्हता. आता सुखात सेव-उसळ खातो.

तुझा,
रघुनाथदादा

ता. क. असलं रक्त भावाभावांत सारखं असू शकतं, असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा तुझ्या शून्यालाही काडीची किंमत नाही.

ता. क. २. ती गाठ राहिली असती तर पुढे कॅन्सर होऊ शकला असता, असंही ते म्हणाले. ते ऐकताना मला माझं काही वाटलं नाही, तू आठवलास. फार भीती वाटते रे मला.

ता. क. ३. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे. म्हणून दुर्बिणीसाठी गुरुवारची वेळ तुझ्या नावाने घेऊन टाकली आहे, आणि पत्र पोस्टाने न धाडता वहिनीच्या हाती दिलं आहे. ती समोर बसलीच असेल. तिला चहा दे आणि बॅग भर. तुला घेतल्याशिवाय ती उठणार नाही.