चेटकिणीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसतीच बाटलीकडे बघत बसतेस?

मी सध्या स्पॅनिश शिकतो आहे. हसू नकोस. नातीला तिच्या आईची स्पॅनिशच तेवढी येते, आणि मी फोनवर दिसलो रे दिसलो की ती सोफ्यामागे दडते. सूनबाई म्हणाली, पोरीला राक्षस-पऱ्यांचं भारी वेड आहे. म्हटलं, मग तिथूनच सुरुवात. (लोक आधी नमस्कार, पाणी वगैरे शिकतात. मला द्रागोन येतो, पाणी अजून मागता येत नाही.)

कवळ्या बनवताना हात गुंतलेले असतात, म्हणून शब्दांच्या चिठ्ठ्या करून समोरच्या डब्यांना चिकटवल्या. त्यातला एक डबा चिठ्ठीसकट गिऱ्हाइकाकडे गेला. गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, आणि चिठ्ठीवर 'ब्रुखा – चेटकीण'. दुसऱ्या दिवशी बाई नवी कवळी घालून दुकानात हजर. मी घाम पुसत सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि बाकीच्या चिठ्ठ्या बघून माझी तोंडी परीक्षा घेतली. दहापैकी चार. तेव्हापासून रोज येऊन उजळणी घेतात (कवळी उत्तम बसली आहे, तरी येतात).

रविवारी फोन लागला. मी गोष्ट सुरू केली. चेटकीण, राक्षस, परी सगळे आले. क्रियापदं येत नाहीत, ती हातांनी केली. परीला 'हादा' म्हणालो, तर सोफ्यामागून आवाज आला, "आदा." त्यातला ह म्हणायचा नसतो म्हणे. मग डोकं वर आलं, मग अख्खी पोर बाहेर आली. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "ओत्रा वेस." हा कुठला प्राणी, म्हणून मी सगळ्या चिठ्ठ्या धुंडाळल्या. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, ती म्हणतेय, पुन्हा सांगा."

ताई, मी तीनदा सांगितली.

सुट्टीत तिघंही इकडे येताहेत.

तुझा,
धाकटा

ता. क. चेटकीण कशी दिसते ते दाखवायला जवळ चित्र नव्हतं, म्हणून तुझा पासपोर्टचा फोटो दाखवला. आता पोरीला तुलाच भेटायचं आहे. पंधरा दिवस राहायलाच ये.

आणखी एक ता. क. रागावून नाही म्हणण्याआधी एवढं वाच. ब्रुखा आजी कधी येणार, असं ती रोज विचारते. बाकी सगळं स्पॅनिश, पण 'आजी' मराठीत. मी शिकवलेलं नाही.