आप्पांचा एकच शब्द

सिडको, छत्रपती संभाजीनगर
५ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून तू हसशील. फोन असताना हा पोस्टात कशाला गेला, म्हणशील. पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं आप्पांना ऐकू जातं. अर्धांगाच्या झटक्यानं बोलणं गेलं, तरी समजतं त्यांना सगळं. परवा मी स्वयंपाकघरातून तुला हळू आवाजात सांगत होतो, तर त्यांनी बाहेरचा टीव्ही बंद केला.

चालतात, जेवतात. उजवा हातही थोडा वळायला लागलाय. शब्द मात्र एकच उरला आहे, 'कीप'. चहा दिला की कीप, लिफ्टचं दार उघडलं की कीप. एकतीस वर्षं वैजापूरच्या पोरांना इंग्रजी शिकवलं, आणि त्यांच्या तोंडी मराठीतला एक शब्द राहू नये! मान हलवतात, पण हो म्हणायचं असेल तेव्हा नाही अशी हलते.

काल खिडकीशी उभे राहून अर्धा तास कीप, कीप. पाणी दिलं, शाल दिली, चष्मा दिला, पेपर दिला. शेवटी रडले. तुझ्या भावजयीनं, मंजुषानं, आता वही घातली आहे. कधी म्हणाले, कुणाला म्हणाले, काय अर्थ असावा. या शब्दाचे अर्थ तरी किती! ठेव, राख, सांभाळ, पाळ, चालू राहू दे. तुला आणखी सुचले तर कळव.

तब्येतीला जप. धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
सुदर्शन


कन्नड
१७ जानेवारी २०२५

चि. सुदर्शनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संक्रांतीला मी घेऊन आलेला तिळगूळ जरा कडक झाला होता, ते मला माहीत आहे. मंजुषाला म्हणावं, उगाच लई छान म्हणून सांगू नकोस.

तुझी वही वाचून वर्ग आठवला. आप्पांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक साधा शब्द लिहायचा, आणि आपण त्याची पाच वाक्यं करून न्यायची. चुकलं तर आप्पा खोडायचे नाहीत. हेच वाक्य तू एसटी स्टँडवर बोललास तर कंडक्टर तुला कुठं उतरवील, ते सांगायचे. सगळा वर्ग हसायचा, तूच रडायचास.

आणखी घे. दूध टिकतं, तिथं कीप. गप्प राहा, तिथं कीप. आलेल्या माणसाला थांबवून घेतलं, तिथंही कीप. पण बाळा, खरं सांगू? संक्रांतीला माझा हात धरून ते तीनदा म्हणाले. मला सांभाळ, असंच म्हणत होते. माझ्यापुरतं ते पक्कं आहे. इथं अंगण आहे, माणसांची ये-जा आहे. तिथं दिवसभर भिंती. सव्वीसला जीप घेऊन येते. त्यांना घेऊन जाईन म्हणते. मंजुषाला वाईट वाटू नये, एवढं बघ.

दोघांना आशीर्वाद. ताई रागावली असं समजू नका.
तनुजा


सिडको
२२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच इथं सगळं उलटं झालं, म्हणून हे घाईनं स्पीड पोस्टानं टाकतो.

वहीत त्रेचाळीस नोंदी झाल्या होत्या. बोलणं शिकवायला येतात त्या मेघा मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, या शब्दाला अर्थ असेलच असं नाही. त्यांना दर वेळी वेगळंच काही म्हणायचं असतं, तोंडातून मात्र एवढंच निघतं. यावरून त्यांची इच्छा ठरवू नका. ताई, म्हणजे तुझं सांभाळ आणि माझं इथंच ठेव, दोन्ही आपलंच.

मला ते पटलं नाही. शनिवारी मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि एकेका अर्थावर बोट ठेवत गेलो. हा का? मग हा का? मला वाटलं, त्यांचीच पद्धत आहे, आवडेल. त्यांनी वही ओढून घेतली, पहिल्या पानापासून बघितली, मिटली, आणि टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली. तेव्हापासून तोंड उघडलेलं नाही. तो शब्दही नाही.

तू ये, पण जीपचं त्यांच्यासमोर काढू नकोस.
तुझ्या रागालाही पात्र आहे, मायेलाही.
सुदर्शन


कन्नड
२८ जानेवारी २०२५

चि. सुदर्शनास,
अनेक आशीर्वाद.

सव्वीसला तू दूध आणायला खाली गेलास तेव्हा जे झालं, ते तोंडानं सांगता आलं नाही. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, आप्पा, एकदा म्हणा ना, कीप. पोपटाला म्हणतात तसं. हेडमास्तरांपुढेही मान खाली न घातलेला माणूस फरशीकडे बघत राहिला.

म्हणून त्यांना न घेताच निघाले. तुला वाटलं असेल, ताईचं मन बदललं. नाय रे. न विचारता नेणं म्हणजे सामान उचलल्यासारखं, आणि विचारायची सोय आपण दोघांनी मिळून घालवली.

आता काय करायचं, ते तूच सांग. मोठी असून विचारते.
दोघांना मायेनं,
तनुजा


सिडको
६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगण्यासारखं माझ्याकडेही काही नाही. आप्पांचा तो शब्द बंद झाल्याला आज एकोणीस दिवस झाले. वही मंजुषानं माळ्यावर टाकली. मेघा मॅडम म्हणतात, तुम्ही बोलत राहा, उत्तराची वाट बघू नका. शब्द परत येईल का, ते सांगता येत नाही म्हणाल्या.

काल दुपारी मी आप्पांसमोर खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, आप्पा, माझं चुकलं. तुमचं बोलणं मी परीक्षेला लावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. नीट ऐकायचं असलं की ते थोडे पुढे झुकायचे ना, तसे झुकले, आणि मी पुढे काय म्हणतो त्याची वाट बघत राहिले. ताई, बोलायला माझ्याकडे सगळे शब्द होते, आणि पुढचं एक वाक्य सुचेना.

आम्ही आजही तसेच बसून आहोत. तूही येऊन बस.
तुझा,
सुदर्शन