सत्कारमूर्ती बाथरूममध्ये

झिरकपूर, भर ज्येष्ठातली दुपार

तीर्थस्वरूप लीनाताईस,

धाकट्या विमलचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा आठांतली जमतील तेवढीच अंगं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींची साखर? आमच्याकडे सगळं नेहमीसारखं. अवनी अभ्यास करते, हे नोकरी शोधतात आणि मी माणसं उचलते.

तुला माहीतच आहे, मी इथे शेजारीच चंडीगढला दिव्यांगांच्या निवासी संस्थेत आहे. मोठमोठ्या माणसांना आंघोळ घालायची, भरवायचं, खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत न्यायचं. पगार मात्र पहिल्या दिवशी जिथे निजवला तिथेच पडून आहे (त्याची कूस बदलायला कुणी येत नाही). शेवटी हिय्या करून आमच्या चिटणिसांकडे गेले. विश्वासराव आपल्याच मुलखातले, निवृत्त प्राध्यापक, फार गोड माणूस. देव असल्या गोड माणसांपासून वाचवो. मी सरळ म्हटलं, पगार वाढवा, भागत नाही. त्यांचे डोळेच भरून आले. या कामाचं मोल पैशात करणं हा तुमचा अपमान आहे आणि तो मी होऊ देणार नाही, म्हणाले. आणि लगेच पुढच्याच रविवारी माझा सत्कार ठरवून मोकळे झाले. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं. (श्रीफळ कशासाठी आणलंय हे आमच्या पंजाबी स्वयंपाक्याला कुठलं ठाऊक? त्याने आदल्या दिवशीच फोडून चटणी केली.)

असल्या उकाड्यात लोकरीची शाल. समोर पाहुणे, पहिल्या रांगेत आमचा प्रणव. तिशीचा आहे, बोलत नाही, व्हीलचेअरवर असतो. माझं नाव पुकारलं आणि नेमकी त्याने पँट ओली केली. सभागृहात एवढी माणसं, पण सगळ्यांनी पाहिलं ते माझ्याकडेच. व्यासपीठावरून उतरले मग. त्याला बाथरूममध्ये नेऊन धुतलं, पुसलं, कपडे बदलले, आणि लाउडस्पीकरवर स्वतःचं कौतुक ऐकत राहिले. विमलताईंसारखी माणसं पैशासाठी काम करत नाहीत, असं विश्वासराव म्हणाले तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला की प्रणव दचकून मला बिलगला. परत येऊन बघते तो माझ्या खुर्चीचा सत्कार आटोपलेला. शाल तिच्या पाठीवर घातली होती.

हस हवं तर. मी मात्र घरी येऊन ढसाढसा रडले. मानपत्र दाखवलं म्हणून घरमालक भाडं सोडत नाही. मी खचले गं ताई. आपण कुणाच्या खिजगणतीतच नाही, असं वाटायला लागलंय.

अवनीने मोबाइलवर शोधून काढलं, विमानतळाजवळच्या एयरोसिटीत श्रीमंतांच्या कुत्र्यांचं वसतिगृह आहे, तिथे सांभाळायला बाई हवी आहे. "मम्मी, यहाँ आपसे डबल देते हैं," म्हणाली. एसी, रविवारची सुट्टी, आणि कुत्रं चावलं तर दवाखान्याचा खर्च त्यांचा. (आमच्याकडे प्रणव चावला तेव्हा मला हळद मिळाली होती.) माझं ठरलंय. आता मागे वळून बघायचं नाही.

सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझी,
विमल

ता. क. तुझा ऋग्वेद इथून गावी येताना त्याचा कुत्रा त्याच वसतिगृहात ठेवतो म्हणे. मालकाकडे माझ्यासाठी शब्द टाकायला सांग. पत्राचं खरं कारण हेच.

आणखी ता. क. प्रणव दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही. मागे मी तापाने घरी होते तर पठ्ठ्याने तोंडच उघडलं नाही, शेवटी नळी घालायची पाळी आली. तेव्हा दुपारी संस्थेत जाऊन त्याला भरवून परत यायला सुट्टी मिळेल का, एवढं ऋग्वेदला विचारायला सांग. तेवढ्या वेळाचा पगार कापला तरी चालेल.